एक आकडा नको, तीन सांगा

अंदमानच्या समुद्रात दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात सापडला तेवढा मोठा तेलसाठा सापडू शकतो आणि तसं झालं तर देशाची अर्थव्यवस्था ३.७ लाख कोटी डॉलरवरून २० लाख कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकते, असं केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी जून २०२५ मध्ये म्हणाले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात पंतप्रधानांनी खोल समुद्रातल्या तेल-वायूच्या शोधासाठी राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. सप्टेंबरअखेर बातमी आली की अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून १७ किलोमीटरवर, २९५ मीटर पाण्यात खोदलेल्या ‘श्री विजयपुरम-२’ या विहिरीत नैसर्गिक वायू मिळाला. नमुन्यात ८७ टक्के मिथेन निघाला. साठा किती मोठा आहे आणि व्यापारी उत्पादन परवडेल का, हे पुढच्या काही महिन्यांत तपासलं जाईल, असं त्या निवेदनातच म्हटलं होतं.

म्हणजे विहिरीच्या निवेदनात शास्त्रज्ञांना शोभेल अशी सावध भाषा होती आणि त्याआधी तीन महिने थेट अर्थव्यवस्थेचा आकडा सांगून झाला होता. या दोन भाषांमधलं अंतर मला भीतीदायक वाटतं. खोल समुद्रात शोध घ्यावा की नाही, हा माझा प्रश्न नाही. जो देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो, त्याने आपल्या समुद्राखाली काय आहे हे जरूर पाहावं, त्यावर खर्चही करावा. प्रश्न त्यानंतरचा आहे. साठा सापडला की त्यातून दररोज किती तेल किंवा वायू निघेल, किती वर्षं निघेल, याचा अंदाज बांधला जातो. त्या अंदाजावर पाइपलाइन टाकल्या जातात, वीजप्रकल्प उभे राहतात, बँका कर्ज देतात. हा अंदाज देशाला एका आकड्यात सांगितला जातो आणि तो चुकल्यावर किंमत मोजायला भलतेच लोक पुढे केले जातात. हे आपल्याकडे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय, आणि ते पुन्हा घडू नये यासाठीची व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही.

आधी हा अंदाज बांधतात कसा, ते पाहू. जहाजातून पाण्यात ध्वनिलहरी सोडतात, त्या समुद्रतळाखालच्या थरांवरून परत येतात आणि त्यांवरून खडकांचं चित्र तयार होतं. याला सेस्मिक सर्वेक्षण म्हणतात. वायू किंवा तेल असलेली वाळू काही ठिकाणी या चित्रात ठळक उजळते. पण थोडा वायू आणि भरपूर वायू यांतला फरक त्या उजळण्यातून नीट कळत नाही. मग विहीर खोदून खडकाचे नमुने घ्यायचे, दाब मोजायचा, काही तास किंवा दिवस प्रवाह सोडून पाहायचा. जमिनीवर अशा वीस-तीस विहिरी खोदून खात्री करता येते. हजार मीटर पाण्यात एका विहिरीला शेकडो कोटी रुपये लागतात, म्हणून शेकडो चौरस किलोमीटरच्या साठ्याबद्दलचा निर्णय मोजक्या विहिरींवर घ्यावा लागतो. खाली किती आहे, त्यातलं किती वर येईल आणि कोणत्या वेगाने येईल, असे तीन अंदाज एकमेकांवर रचले जातात. प्रत्येकात थोडी चूक असली तरी शेवटच्या आकड्यात ती गुणाकाराने वाढते.

दुसरी अडचण निर्णयांच्या क्रमाची आहे. मुंबई हाय फेब्रुवारी १९७४ मध्ये सापडलं आणि मे १९७६ मध्ये तिथून तेल निघू लागलं. पाणी उथळ, साधारण ७५ मीटर. एक प्लॅटफॉर्म उभा करायचा, उत्पादन पाहायचं, मग पुढचा कुठे हवा ते ठरवायचं, असं शिकत शिकत जाता आलं. खोल पाण्यात ही सवलत फारशी नाही. समुद्रतळावरची यंत्रणा, किनाऱ्यापर्यंतच्या वाहिन्या, तरंगतं प्रक्रिया-जहाज किंवा किनाऱ्यावरचा प्रकल्प, या सगळ्यांची क्षमता उत्पादन सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधी ठरवावी लागते. अब्जावधी डॉलर आधी खर्च होतात. साठ्याची खरी ओळख पटते ती उत्पादन सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं दाब कसा उतरतो ते पाहिल्यावर.

म्हणून भूगर्भातल्या तेल-वायूच्या साठ्याचा हिशेब मांडणारा कोणताही प्रामाणिक अभियंता एक आकडा देत नाही. तो तीन देतो. एक असा, की प्रत्यक्ष उत्पादन त्याहून जास्त निघण्याची शक्यता नव्वद टक्के. दुसरा मधला, पन्नास-पन्नासचा. तिसरा असा, की तो ओलांडला जाण्याची शक्यता जेमतेम दहा टक्के. या धंद्यात त्यांना पी-९०, पी-५० आणि पी-१० म्हणतात. कंपनीच्या खोलीत हे तिन्ही असतात. सरकारी तांत्रिक कार्यालयातही बहुधा असतात. पत्रकार परिषदेपर्यंत एकच पोहोचतो, आणि तो सहसा सर्वांत लहान नसतो.

आता कृष्णा-गोदावरी खोऱ्याकडे येऊ. नव्या शोध-परवाना धोरणाच्या पहिल्या फेरीत केजी-डी६ हा ७,६४५ चौरस किलोमीटरचा पट्टा रिलायन्स आणि तिची कॅनडातली भागीदार निको रिसोर्सेस यांना मिळाला. ऑक्टोबर २००२ मध्ये धीरूभाई-१ आणि धीरूभाई-३ हे वायूसाठे सापडल्याचं जाहीर झालं. २००४ च्या विकास आराखड्यात दररोज ४ कोटी घनमीटर उत्पादन आणि सुमारे २.४ अब्ज डॉलर खर्च धरला होता. २००६ च्या सुधारित आराखड्यात उत्पादन दुप्पट, म्हणजे दररोज ८ कोटी घनमीटर झालं आणि दोन टप्प्यांतला खर्च ८.८ अब्ज डॉलरवर गेला. काढता येईल असा साठा धरला होता सुमारे १० ट्रिलियन घनफूट (एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी).

एप्रिल २००९ मध्ये वायू आला. काकीनाड्याजवळच्या गाडीमोगा इथून निघून महाराष्ट्र ओलांडत भडोचपर्यंत जाणारी पाइपलाइनही ८ कोटी घनमीटरच्या हिशेबानेच टाकली होती. मार्च २०१० मध्ये या पट्ट्याचं उत्पादन दररोज जवळपास ७ कोटी घनमीटरला पोहोचलं. तेच शिखर ठरलं. २०११-१२ मध्ये सरासरी ४.२ कोटींच्या आसपास आली, पुढच्या वर्षी २.६ कोटी, आणि मग त्याच्याही निम्म्यावर. २०१२ मध्ये कंपनीने काढता येईल असा साठा सुमारे ३ ट्रिलियन घनफूट असल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हे साठे बंद झाले. शेजारच्या एमए क्षेत्रासह एकूण उत्पादन भरलं ते साधारण तेवढंच, ३ ट्रिलियन.

दहाचे तीन झाले. खाली नेमकं काय होतं? नद्यांनी लाखो वर्षं आणलेली वाळू समुद्रतळावरच्या घळींतून घसरत खोल पाण्यात जाऊन साठली आहे. घळीच्या मुख्य पात्रात वाळूचा थर जाड आणि सलग असतो. दोन्ही बाजूंच्या काठांवर वाळू आणि चिखल यांचे पातळ थर एकाआड एक. सेस्मिक चित्रात दोन्ही भाग उजळू शकतात, पण काठांवरचा वायू मुख्य पात्रातल्या विहिरींपर्यंत वाहत येईलच असं नाही. उत्पादन सुरू झाल्यावर दाब अपेक्षेहून भराभर उतरला, म्हणजे विहिरींना जोडलेला साठा मानला होता त्याहून लहान होता. पुढे विहिरींत पाणी आणि वाळू शिरली, एकेक विहीर बंद करावी लागली. तेल-वायू उत्पादनावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी हायड्रोकार्बन महासंचालनालयाचं म्हणणं निराळं होतं. मंजूर आराखड्यानुसार एप्रिल २०१२ पर्यंत ३१ विहिरी हव्या होत्या, खोदल्या २२ आणि उत्पादनाला जोडल्या १८. विहिरी कमी म्हणून वायू कमी, असा त्यांचा दावा. करारानुसार कंपनी आपला खर्च वायूच्या उत्पन्नातून वसूल करू शकत होती; सरकारने त्यातला काही भाग नाकारला, कंपनी लवादात गेली, वर्षानुवर्षं कज्जे चालले.

इथे मला जे खुपतं ते सांगतो. त्या काळात देशभर एकच वाद चालू होता: कंपनी वायू दडवून ठेवतेय का? दर प्रति दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एकक ४.२ डॉलर होता, तो दुप्पट करायच्या हालचाली सुरू होत्या, तेव्हा संशय येणं स्वाभाविक होतं. संसदेत प्रश्न झाले, दिल्लीत गुन्हा नोंदवला गेला, वाहिन्यांवर रोज भांडणं झाली. पण त्या भांडणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात विहीरनिहाय दाबाचा तक्ता नव्हता. आरोप करणाऱ्याला तो मिळत नव्हता, बचाव करणारा तो पुढे ठेवत नव्हता आणि ज्या सरकारी कार्यालयाकडे तो होता ते गोपनीयतेकडे बोट दाखवत होतं. दाब उतरण्याचा आलेख महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध झाला असता, तर आपल्या आयआयटीतल्या आणि धनबादच्या खाणशास्त्र संस्थेतल्या प्राध्यापकांनी, ओएनजीसीतून निवृत्त झालेल्या शेकडो अभियंत्यांनी त्यावर बोलून दोन वर्षांत निकाल लावला असता. साठा खरोखर लहान होता, हेच माझं मत आहे, कारण पुढच्या आठ वर्षांच्या उत्पादनाने तेच दाखवलं. पण ते मत २०११ मध्ये पुराव्यानिशी मांडण्याची सोय भारतीय नागरिकाला नव्हती.

आणि गंमत नव्हे, खेद याचा आहे की ती सोय कॅनडातल्या गुंतवणूकदाराला होती. निकोची या पट्ट्यात दहा टक्के भागीदारी होती आणि तिचे शेअर टोरांटोच्या बाजारात होते. तिथल्या नियमांनुसार तेल कंपनीला दरवर्षी स्वतंत्र मूल्यांकन करून सिद्ध आणि संभाव्य साठे वेगवेगळे जाहीर करावे लागतात. त्यामुळे २०१२ मध्ये या साठ्याचा अंदाज मोठ्या प्रमाणात खाली आणल्याचं निकोने उघड केलं आणि आपल्या वृत्तपत्रांनी ते तिथून उचलून छापलं. बंगालच्या उपसागराखालच्या, भारतीय जनतेच्या मालकीच्या वायूची खबर आपल्याला कॅलगरीतल्या एका छोट्या कंपनीच्या कागदांतून मिळाली. ज्या देशाचा साठा त्या देशाला ती सांगण्याचं बंधन कुणावरच नव्हतं.

हा आकडा कुणी भोगला? एक उत्तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. २००१ मध्ये बंद पडलेला एन्रॉनचा दाभोळचा प्रकल्प २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने एनटीपीसी, गेल, सरकारी-खासगी बँका आणि राज्याचं वीज मंडळ यांनी मिळून पुन्हा उभा केला. १,९६७ मेगावॉटच्या या केंद्रासाठी केजी-डी६ मधून दररोज ७६ लाख घनमीटर वायू ठरवून दिला होता. काही काळ अंजनवेल इथल्या या केंद्राची संयंत्रं त्यावर व्यवस्थित चालली. मग वायू घटत गेला. खतांना प्राधान्य असल्याने वीजक्षेत्राचा वाटा आधी कापला गेला आणि मार्च २०१३ पासून तो शून्य झाला. केंद्र ठप्प झालं. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेही आयात केलेल्या वायूवर, सरकारी साहाय्याच्या आधाराने, रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट देण्यापुरतं. एका फसलेल्या प्रकल्पातून कोकणाला आणि महाराष्ट्राच्या तिजोरीला बाहेर काढण्यासाठी जो वायू मोजला होता, तो मोजलेल्या जागी नव्हताच.

दाभोळ एकटं नाही. २०१५ मध्ये देशातली १४,३०५ मेगावॉटची वायूआधारित वीजकेंद्रं देशी वायूविना अडकून पडल्याचं सरकारनेच सांगितलं. त्यातली कित्येक आंध्रात, पाइपलाइनच्या तोंडाशी, याच वायूच्या भरवशावर बांधली होती. त्यांचं कर्ज बँकांच्या बुडीत खात्यांत गेलं. त्या बँकांमधला पैसा तुमचा-माझा. अंदाज बांधणाऱ्या अभियंत्याचं, तो मंजूर करणाऱ्या समितीचं, तो व्यासपीठावरून सांगणाऱ्या मंत्र्याचं यात काहीही गेलं नाही.

कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग कराराने घेणारे व्यापारी असतात. मोहोरातला किती टिकेल हे त्यांनाही ठाऊक नसतं. तुडतुडा आहे, अवकाळी आहे, फेब्रुवारीतला उष्मा आहे. पण ते बेताने बोली लावतात, कारण फळ गळलं तर तोटा त्यांच्याच खिशातून जातो. खोल समुद्रात मोहोर मोजणारा एक आणि तोटा सोसणारा दुसरा, अशी रचना आहे. माझा सगळा आक्षेप या रचनेवर आहे.

ही रचना आकडा वर कसा ढकलते तेही पाहण्यासारखं आहे. लिलावात जो सर्वांत आशावादी त्याची बोली सर्वांत मोठी, म्हणून पट्टा त्यालाच मिळतो. म्हणजे चूक निवडीतच शिरते. कंपनीच्या आत दहा प्रस्तावांतून एकाला पैसा मिळायचा असतो, तेव्हा आपला साठा लहान सांगणारा अभियंता स्वतःचाच प्रस्ताव मारतो. शेअर बाजाराला मोठा आकडा आवडतो. जुन्या उत्पादन-वाटणी कराराची त्यात भर होती. कंपनीने आधी खर्च वसूल करायचा, आणि नफ्यातला सरकारचा वाटा उत्पन्नाचं गुंतवणुकीशी जे प्रमाण पडेल त्यानुसार वाढणार. मंजूर गुंतवणूक जितकी मोठी, तितका सरकारचा मोठा वाटा लांबणीवर. मोठी गुंतवणूक मंजूर करून घ्यायची तर मोठं उत्पादन दाखवावं लागतं. कॅगने २०११ च्या अहवालात या प्रोत्साहनरचनेवर नेमकं बोट ठेवलं. पुढे रंगराजन समितीने महसूल-वाटणीची, म्हणजे खर्च वजा न करता थेट उत्पन्नातूनच सरकारचा वाटा घेण्याची, शिफारस केली आणि २०१६ च्या नव्या धोरणात ती आलीही. त्याने खर्च फुगवण्याचा मोह कमी झाला. अंदाज फुगवण्याचा मोह तसाच राहिला, कारण जास्त महसूल देऊ करणारा जिंकतो, आणि जास्त देऊ तोच करतो ज्याचा अंदाज मोठा.

राजकारण्यांचा मोह निराळा सांगायला नको. जून २००५ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी त्याच खोऱ्यात राज्याच्या जीएसपीसी या कंपनीला २० ट्रिलियन घनफूट वायू सापडल्याचं जाहीर केलं. तिथे पाणी उथळ होतं, पण खडकातला दाब आणि तापमान प्रचंड. विकास आराखड्यात हा साठा त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला. कंपनी कर्जात बुडाली आणि २०१७ मध्ये ओएनजीसीने ७,७३८ कोटी रुपये मोजून त्या पट्ट्यातला ८० टक्के हिस्सा घेतला. आधी एका राज्याच्या तिजोरीवर पडलेलं ओझं मग देशाच्या कंपनीवर आलं. पक्ष कोणताही असो, व्यासपीठावरून बोललेल्या आकड्याची जबाबदारी आजवर एकाही नेत्याने घेतलेली नाही.

सरकारी कंपनीचा अनुभव फार वेगळा आहे असंही नाही. ओएनजीसीचा केजी-डीडब्ल्यूएन-९८/२ हा पट्टा केजी-डी६ च्या शेजारचाच. त्याच्या मुख्य विकासप्रकल्पाला मार्च २०१६ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलरची मंजुरी मिळाली. २०१९ मध्ये वायू, २०२० मध्ये तेल, आणि शिखराला दररोज साधारण ७७ हजार बॅरल तेल असा कागद होता. पहिलं तेल आलं ७ जानेवारी २०२४ ला. तोवर शिखराचा आकडा ४५ हजार बॅरलवर उतरला होता आणि तो त्याच वर्षीच्या मे-जूनपर्यंत गाठू असं मंत्र्यांनी सांगितलं. वर्ष उलटलं तरी तो गाठला गेला नव्हता. इथे दोष द्यायची मला घाई नाही. कोरोनाने साहित्य आणि माणसं अडवली. तेल मेणचट आहे. समुद्रतळावरच्या थंड पाण्यात ते वाहिनीत गोठू नये म्हणून नळीत नळी घालण्याचं तंत्र वापरावं लागलं. अशा तेलाच्या उत्पादनाचा अंदाज म्हणजे फक्त साठ्याचा अंदाज नव्हे. वर्षातले किती दिवस यंत्रणा न थांबता चालेल, थांबली तर पुन्हा सुरू करायला किती वेळ लागेल, हेही त्यात धरावं लागतं, आणि कागदावर सगळ्यांत सैल हाताने भरला जातो तो हाच रकाना. ७७ चे ४५ होताना कोणतं गृहीतक किती ढळलं, साठा लहान निघाला की विहिरी कमी वाहतात की यंत्रणा थांबते, याचा हिशेब जनतेपुढे मांडला गेला नाही. पुढच्या प्रकल्पाने यातून काय शिकायचं?

शिकता येतं, हेही त्याच समुद्राने दाखवलंय. केजी-डी६ मधली आर-क्लस्टर, सॅटेलाइट क्लस्टर आणि एमजे ही क्षेत्रं रिलायन्स आणि ब्रिटिश कंपनी बीपी यांनी जून २०१७ मध्ये विकसित करायला घेतली, तेव्हा मिळून दररोज ३ ते ३.५ कोटी घनमीटरचा अंदाज दिला होता. डिसेंबर २०२० ते जून २०२३ दरम्यान ती एकामागून एक सुरू झाली आणि उत्पादन ३ कोटींच्या घरात पोहोचलं, देशाच्या एकूण वायूच्या जवळपास ३० टक्के. आर-क्लस्टरवर दोन हजार मीटरच्या वर पाणी आहे. म्हणजे खोल समुद्रात अंदाज बांधताच येत नाही, असं नव्हे. पहिल्या साठ्याच्या अपयशातून मिळालेली माहिती, तोच खडक, तेच खोरं, आणि आकडा आटोक्यात ठेवण्याची शिस्त, एवढ्यावर तो बराच जुळला. गयानात तर उलटं झालं. मे २०१५ मध्ये लिझा हे तेलक्षेत्र सापडलं, डिसेंबर २०१९ मध्ये तेल निघालं, आणि पहिल्या प्रक्रिया-जहाजाने दररोज १ लाख २० हजार बॅरलची आखलेली क्षमता पुढे ओलांडली. आपल्या मंत्र्यांना गयाना आठवतं ते यामुळे. पण एका गयानासमोर किती खोरी कोरडी गेली, किती साठे अर्धे निघाले, हे त्याच वाक्यात सांगितलं तरच ती तुलना प्रामाणिक होते.

नॉर्वेने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे प्रकल्पमंजुरीच्या वेळी कंपनीला वर्षवार उत्पादनाचे अंदाज, खालचा-मधला-वरचा असे, सरकारी संचालनालयाला द्यावे लागतात. प्रत्येक क्षेत्राचं मासिक उत्पादन आणि उरलेला साठा कुणालाही पाहता येतो. १९९५ ते २०१७ या काळातल्या अशा क्षेत्रांचे अंदाज पुढे संशोधकांनी प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडून पाहिले. निष्कर्ष निघाला की कंपन्यांचे अंदाज सातत्याने आशावादी असतात, आणि वरच्या-खालच्या आकड्यांमधला पट्टाही त्या फार अरुंद धरतात. म्हणजे जगातल्या सर्वांत शिस्तशीर तेलव्यवस्थेतही चूक होतेच. फरक इतकाच की तिथे चूक मोजता आली, कारण अंदाज जपून ठेवले होते. आपल्याकडे जुना आराखडा शोधायला कॅगचा अहवाल उघडावा लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो व्यापारी गोपनीयतेचा. लिलावापूर्वीची माहिती गोपनीय ठेवायला माझी हरकत नाही. पण पट्टा मिळाला, आराखडा मंजूर झाला, आता त्या साठ्यात दुसरा कुणी स्पर्धक शिरूच शकत नाही. मग गुपित कुणापासून? खनिजाचा मालक तर देश आहे. परदेशी कंपन्या पळून जातील, असंही म्हणतात. याच कंपन्या नॉर्वेत माहिती देतात, टोरांटो आणि न्यूयॉर्कच्या बाजारांत देतात. भारतात द्यावी लागली म्हणून त्या जाणार असतील, तर त्यांना नेमकं काय लपवायचंय हा प्रश्न आपण विचारायला हवा.

सर्वसामान्यांना तीन आकडे कळत नाहीत, ते गोंधळतात, हा आक्षेप मला सर्वांत अपमानास्पद वाटतो. हवामान विभाग दर एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतो, तेव्हा सरासरीच्या किती टक्के हे सांगताना चुकीची मर्यादाही सांगतो आणि कमी, सामान्य, जास्त पावसाची शक्यता वेगवेगळी देतो. मराठवाड्यातला शेतकरी ते वाचून सोयाबीन किती आणि तूर किती, हा जुगार दरवर्षी खेळतो. शक्यतेची भाषा त्याला कुणी शिकवायला नको. ती न कळण्याचं सोंग मंत्रालयांनी घेऊ नये.

तेलक्षेत्रांचा कायदा २०२५ मध्ये दुरुस्त झाला आहे आणि खुल्या परवाना धोरणाच्या दहाव्या फेरीत खोल समुद्रातले मोठे पट्टे लिलावाला काढले आहेत. कायद्याखालच्या नियमांत आणि या पट्ट्यांच्या करारांत काही गोष्टी आत्ता लिहिता येतील. विकास आराखडा मंजूर झाला की त्यातले तिन्ही अंदाज वर्षवार प्रसिद्ध व्हावेत, आणि त्यांच्याखाली विहिरी किती धरल्या, प्रत्येकीचा प्रवाह किती, यंत्रणा किती दिवस चालेल, हेही. दरवर्षी त्याच तक्त्यात प्रत्यक्ष उत्पादन आणि दाब भरला जावा, आणि फरक पडला तर कोणतं गृहीतक ढळलं याचं एका पानाचं लेखी स्पष्टीकरण महासंचालनालयाने द्यावं. आराखडा मंजूर करणाऱ्यांव्यतिरिक्त स्वतंत्र मूल्यांकन करणारा कुणीतरी असावा, आणि त्याचं शुल्क कंपनीच्या हातून न जाता सरकारी निधीतून जावं.

सर्वांत महत्त्वाचं वाटपाचं. सरकार जेव्हा एखाद्या साठ्यातला वायू वीजकेंद्राला किंवा खतकारखान्याला नेमून देतं, किंवा सरकारी बँक त्या वायूच्या भरवशावर कर्ज देते, तेव्हा हिशेब पी-९० वर व्हावा. मधल्या आकड्यावर नको. मधला आकडा म्हणजे निम्म्या वेळा कमी पडणारा आकडा, हे बँकेच्या कर्जसमितीला कुणीतरी सांगायला हवं. वरचा वायू निघाला तर आनंदच आहे. तो बाजारात विकता येतो, कमी मुदतीच्या करारांवर देता येतो, त्यासाठी पंचवीस वर्षांचं केंद्र आधीच बांधून ठेवावं लागत नाही. यामुळे काही प्रकल्प उभे राहणार नाहीत, काही उशिरा उभे राहतील. २००६ साली हाच नियम असता, तर आंध्रातली निम्मी वायूकेंद्रं बांधलीच गेली नसती आणि दाभोळच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा सुरुवातीपासूनच आयात वायूची किंमत धरून झाला असता. ते केंद्र त्या किमतीत परवडलं असतं की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने २००५ मध्येच विचारला असता. आठ वर्षांनी विचारायची वेळ आली नसती.

अंदमानच्या विहिरीचे नमुने काकीनाड्यात तपासले गेले. त्यातून साठा किती निघेल, तो व्यापारी ठरेल का, हे शास्त्रज्ञ सांगतील. ते सांगतील तेव्हा त्यांचा अहवाल आहे तसा, तिन्ही आकड्यांसह, महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर यावा, आणि तो येईपर्यंत त्या वायूच्या नावावर एकाही पाइपलाइनची, एकाही वीजकेंद्राची घोषणा होऊ नये. ही मागणी आजच करायला हवी, कारण साठा मोठा आहे की लहान हे अजून कुणालाच कळलेलं नाही आणि त्यामुळे हा नियम कुणाच्या बाजूचा आणि कुणाविरुद्धचा, असं आज तरी म्हणता येणार नाही.